आठ दिवसांचा पत्ता

मी ज्या खोलीत बावीस वर्षं काम केलं तिला एकच खिडकी होती, आणि ती उघडायची नाही असा नियम मीच केला होता. धुळीमुळे. मोठ्या हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर, एक्स-रे विभागाच्या मागे ही खोली. दारावर 'संगणक कक्ष' अशी पाटी होती, पण सगळे तिला थंड खोली म्हणत. कडक उन्हाळ्यात नर्सेस काहीतरी निमित्त काढून दोन मिनिटं दारात उभ्या राहायच्या. "बाई, आमचा प्रिंटर बघता का?" असं म्हणायच्या आणि गार वाऱ्यात डोळे मिटून घ्यायच्या.

मी तिथे टायपिस्ट म्हणून लागले होते. पहिलं यंत्र आलं तेव्हा त्याला हात लावायला कोणी तयार होईना, म्हणून मी लावला. पुढे एकाची अकरा झाली. कुठली केबल कुठून निघून कुठल्या वॉर्डात जाते ते मला डोळे मिटून सांगता यायचं. पदवी माझ्याकडे नव्हती. वडील गेले तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि धाकटी पाच वर्षांची. कॉलेज सुटलं, ते सुटलंच. पदवी घेतली ती धाकटीने.

धाकटी म्हणजे माझी सख्खी बहीण. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. तिच्या वेण्या मी घातल्या, पाढे मी घेतले, आणि तिला हॉस्पिटलात जागा निघाली तेव्हा साहेबांकडे शब्दही मीच टाकला. ती थंड खोलीत माझ्यासमोरच्या टेबलावर बसायला लागली. ती रिपोर्टचे नमुने बनवायची, तक्ते काढायची, मोठ्या साहेबांच्या मीटिंगला जायची. यंत्रांच्या बाजूला फारशी फिरकायची नाही. "तुझा संसार तू बघ," म्हणायची.

मग मोठे साहेब बदलले. नवे साहेब चुणचुणीत होते, चालता चालता बोलायचे. एके दिवशी दारात उभं राहूनच त्यांनी सांगितलं, की या खोलीत दोन माणसांचं काम नाही, एक खुर्ची राहील. कोणती ते महिनाअखेर ठरेल. तोवर कुठलं यंत्र काय काम करतं याची एक नोंदवही तयार करा. आणि ती तयार करायचं काम त्यांनी दिलं धाकटीला.

त्या रविवारी दुपारी ती माझ्या घरी आली. तिसऱ्या मजल्यावर माझ्या दोन खोल्या. मी मटार सोलत होते. ती समोर वही उघडून बसली.

"ताई, सर्व्हर म्हणजे नक्की काय गं?"

"तीन वर्षं माझ्यासमोर बसतेस आणि आज विचारतेस?"

"तेव्हा गरज नव्हती. सांग ना, भाव नको खाऊस."

मी सांगितलं. ज्ञान दडवून ठेवणं मला कधी जमलं नाही, निदान तोपर्यंत तरी. मी म्हटलं, सर्व्हर हे यंत्राचं नाव नाही, कामाचं नाव आहे. वाढपी म्हणतो ना आपण, तसं. उद्या तोच माणूस घरी जेवायला बसला की वाढपी नाही. कोणी मागायचं आणि याने द्यायचं, एवढंच नातं. फक्त काय द्यायचं ते प्रत्येकाचं वेगळं.

"उदाहरण दे. साहेबांना उदाहरणं आवडतात."

"हॉस्पिटलच घे. फाइल सर्व्हर म्हणजे आपली तळघरातली रेकॉर्ड रूम. कागद ठेवायचे, मागितले की काढून द्यायचे, आत काय लिहिलंय त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. डेटाबेस सर्व्हर तसा नाही. तो म्हणजे जुनी हेडनर्स. तिला विचारलं, की मागच्या महिन्यात साखर वाढलेले किती पेशंट होते, तर ती कपाट दाखवत नाही, आकडा सांगते."

धाकटी हसली आणि भराभर लिहू लागली. प्रिंट सर्व्हर म्हणजे केसपेपरच्या खिडकीवर रांग लावणारा शिपाई, कितीही घाई असली तरी एकामागून एक. मेलचा सर्व्हर म्हणजे टपालाची पिशवी फिरवणारा, तुम्ही जागेवर नसलात तर तुमच्या खणात ठेवून जाणारा. लॉगिनचा म्हणजे फाटकावरचा पहारेकरी, कोणाला कुठल्या दारापर्यंत सोडायचं ते त्याला ठाऊक. आणि बॅकअपचा म्हणजे पलीकडच्या इमारतीत ठेवलेली दुसरी किल्ली. वर्षानुवर्षं तिची कोणी चौकशी करत नाही, आणि जेव्हा करतात तेव्हा सगळे घामाघूम झालेले असतात.

असं करत अकराही यंत्रं झाली. मटारही संपत आले.

"आता एक राहिलं," मी म्हटलं. "खिडकीखालची म्हातारी."

म्हातारी हे नाव हॉस्पिटलच्या वायरमनने ठेवलेलं. ते एक पिवळट पडलेलं जुनं यंत्र होतं, पंखा खोकल्यासारखा वाजायचा. स्टॉक बुकात ते सहा वर्षांपूर्वीच मोडीत निघालं होतं. भंगाराच्या गाडीवर चढवताना मी ते उतरवून घेतलं, कारण नवं यंत्र मागून मागून माझी जीभ झिजली होती. कागदावर ते नव्हतंच. पण हॉस्पिटलातला प्रत्येक संगणक सकाळी उठला की पहिलं तोंड तिचं बघायचा.

धाकटीने घड्याळ बघितलं. "पुरे ताई. स्टॉक बुकात अकरा आहेत, अकरा झाली. एवढ्यात मी पास."

"अगं, पण ती..."

"तुझं ना नेहमी असंच. जेवण झालं तरी एक पोळी वाढायचीच." आणि वही मिटून ती उठली. जाताना मूठभर सोललेले मटार तोंडात टाकले, लहानपणी टाकायची तसे. मला ते आवडलं होतं. खोटं कशाला बोलू?

नोंदवही साहेबांच्या टेबलावर मंगळवारी उघडली गेली. आम्ही दोघी समोर उभ्या. माझीच वाक्यं तिच्या सुबक अक्षरात उतरली होती, हेडनर्ससुद्धा होती. शेवटचा रकाना होता 'माहितगार व्यक्ती'. अकरा ओळी, आणि अकराही ओळींत धाकटीचं नाव.

मी तिच्याकडे बघितलं. ती कॅलेंडरकडे बघत होती.

"उत्तम," साहेब म्हणाले. "इतकं सोपं करून मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्हाला आम्ही रेकॉर्ड रूममध्ये घेतोय. शांत जागा आहे. तुमच्या वयाला बरी."

मी एक्कावन्न वर्षांची होते.

कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण मी शंभर वेळा ऐकली होती, वापरलीही होती. पण जी कानामागून आली तिच्या कानात तेल मी घातलेलं असेल तर काय म्हणायचं, ते कोणी सांगून ठेवलेलं नाही.

मी एवढंच म्हणाले, "यात एक यंत्र राहिलंय."

साहेब लगेच उठले. चालत चालत थंड खोलीत आले, मागोमाग आम्ही. वायरमन तिथे स्टुलावर चढून ट्यूबलाइट बदलत होता, तो तसाच वर थांबला.

"ही काय करते?" साहेबांनी बुटाच्या टोकाने म्हातारी दाखवली.

"पत्ते देते," मी म्हटलं. "सगळ्या यंत्रांना."

धाकटी पटकन म्हणाली, "पण सर, पत्ते सगळ्यांकडे आहेत. मी परवाच तपासलं. प्रत्येक संगणकाला स्वतःचा पत्ता आहे."

खरंच होतं ते. पत्ते, म्हणजे केबलच्या जाळ्यात ज्याने एक यंत्र दुसऱ्याला सापडतं ते आकडे, होतेच. फक्त ते म्हातारीने भाड्याने दिलेले होते, आठ दिवसांच्या मुदतीने. आठ दिवसांची मुदत मीच घातली होती. रोज सकाळी संगणक सुरू झाला की तिच्याकडून मुदत वाढवून घ्यायचा. ती जागेवर नसली, तरी हातातली मुदत संपेपर्यंत काम बिनबोभाट चालणार होतं. संपली की त्या यंत्राला स्वतःचं घर राहणार नाही, त्याने कितीही हाका मारल्या तरी ऐकू जाणार नाहीत.

"आमच्या आधीच्या ठिकाणी एक साधी पद्धत होती," साहेब म्हणाले. "यंत्र काय करतं कळत नसेल तर बंद करायचं, आणि बघायचं कोण ओरडतंय. कोणी ओरडलं नाही तर भंगार."

धाकटीने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात प्रश्न होता. आता कबूल करते, होता. मी तोंड उघडलं असतं तर ती ऐकणार होती. वाक्यही तयार होतं जिभेवर: आज कोणी ओरडणार नाही, आठ दिवसांनी सगळे ओरडतील. एवढंच तर बोलायचं होतं.

मी ते गिळलं.

साहेबांनी स्वतः वाकून बटण दाबलं. पंख्याचा खोकला थांबला. आम्ही पाच मिनिटं उभे होतो. फोन वाजला नाही. लॅबमधून रिपोर्ट निघत होते, वॉर्डात दिसत होते, प्रिंटर चालू होते.

"बघा," साहेब म्हणाले.

ते गेल्यावर वायरमन स्टुलावरून उतरला. "मोठ्या बाई, म्हातारी गेली आणि रडायला कोणी नाही. काय नशीब!"

धाकटी म्हणाली, "ताई, रागावलीस का? साहेबच म्हणाले एकच नाव टाक. दोन नावं टाकली असती तर दोघींवर गदा आली असती."

"नाही गं," मी म्हणाले. "मी कशाला रागवू?"

घरी आल्यावर मी स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात पुढचा बुधवार शोधला आणि लाल पेनाने त्याभोवती गोल केला. मग रजा टाकली.

त्या आठ दिवसांत मी काय केलं? कपाटं लावली. पडदे धुतले. वॉर्डातले काही संगणक रात्रंदिवस चालू असत, बंदच होत नसत, म्हणून रोज सकाळी मुदत वाढवूनही घेत नसत; त्यांची मुदत आधी संपणार हे मला माहीत होतं. रविवारी वायरमनचा फोन आला. "मोठ्या बाई, तीन नंबर वॉर्डचं यंत्र एकाएकी मुकं झालंय. धाकट्या बाई म्हणतात केबल बदल. दोन बदलल्या." मी म्हटलं, "मी रजेवर आहे." सोमवारी आणखी दोन यंत्रं गेली, पुन्हा केबली. मंगळवारी फोन वाजला तो मी घेतला नाही.

बुधवारी सकाळी नऊच्या सुमारास मी गॅलरीत उभी होते. तिथून हॉस्पिटल दिसत नाही, मधे गोदामं आहेत. तरी मी त्या बाजूला बघत होते. दहा वाजेपर्यंत फोन सात वेळा वाजला. अकराला जिन्यावर पावलं आली. तिची चाल मला पहिल्या पायरीपासून ओळखू येते.

धाकटीचे केस विसकटले होते. "ताई, सगळं गेलं. सगळं. सर्व्हर चालू आहेत, अकराच्या अकरा, मी स्वतः बघितलं. दिवे लागतायत. पण कोणी कोणाशी बोलतच नाही. लॅबमध्ये रिपोर्ट तयार आहेत आणि ऑपरेशन थिएटरला दिसत नाहीत. वायरमन चिठ्ठ्या घेऊन धावतोय. साहेब माझ्या डोक्यावर बसलेत. पाणी दे गं आधी."

"घे ना, माठ तिथेच आहे."

ती स्वयंपाकघरात गेली. ग्लास भरल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. मला कॅलेंडर आठवलं तेव्हा उशीर झाला होता.

ती ग्लास हातात घेऊन दारात आली. पाणी प्यायली नव्हती.

"ताई, आजच्या तारखेला काय आहे?"

मी गॅलरीचं दार लावून घेतलं.

"लाल गोल आहे. आज काय आहे?"

"म्हातारी चालू कर," मी म्हणाले. "मग सगळे संगणक एकदा बंद करून सुरू कर. अर्ध्या तासात येतील."

"तुला माहीत होतं." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. "मंगळवारपासून माहीत होतं. मी तीन दिवस त्या साठीच्या माणसाला शिडीवर चढवून केबली बदलायला लावतेय, आणि तू इथे बसून दिवस मोजत होतीस."

"मी त्या रविवारी सांगत होते. तू वही मिटलीस."

"मी वही मिटली म्हणून तू हॉस्पिटल मिटलंस?"

तिने आत जाऊन भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, ते पान नीट फाडलं, चार घड्या घातल्या आणि पर्समध्ये ठेवलं. "चल," म्हणाली. "मला ते चालू करता येईल, पण आलं नाही तर? चल."

आम्ही रिक्षात शेजारी बसून गेलो. जिन्यात वायरमन भेटला. एका पायरीवर बसला होता, हातात लॅबच्या चिठ्ठ्या, दोन्ही गुडघे धरून. मला बघून त्याला इतका आनंद झाला की मला तोंड लपवावंसं वाटलं.

"आल्या मोठ्या बाई! सकाळपासून मीच तुमचा सर्व्हर. लॅब मागते, मी देतो. थिएटर मागतं, मी देतो. चौदा फेऱ्या झाल्या. एका बाईला रक्त द्यायचं होतं, गट कळेना म्हणून टेबलावर तशीच थांबवलेली. मी तळमजल्यावरून तिसऱ्यावर पळत गेलो. मिळालं रक्त. पण आता हे गुडघे काही आपले नाहीत."

मी वाकून म्हातारीचं बटण दाबलं. ती खोकली, थांबली, पुन्हा खोकली आणि सुरू झाली. मग एकेक विभाग परत आला. लॅब, मग थिएटर, मग वॉर्ड. फोन वाजायचे थांबले.

साहेब आले. सगळं चालू झाल्याचं बघून त्यांनी रुमालाने मान पुसली. "काय होतं? कोणाच्या लक्षात आलं?"

वायरमनने माझ्याकडे बघितलं. तो बोलायला तोंड उघडतच होता. ही वेळ होती. मी म्हणू शकले असते, साहेब, ज्या यंत्राला तुम्ही भंगार म्हणालात ते बंद केल्याने हे झालं, आणि ते फक्त मला माहीत होतं. एवढ्यावर खुर्ची मला परत मिळाली असती, याची मला आजही खात्री आहे.

धाकटीने पर्सवर हात ठेवला. उघडली नाही. नुसता हात ठेवला.

"माझ्या लक्षात आलं, सर," ती म्हणाली. "ताईला मदतीला बोलावून घेतलं."

मी मान हलवली.

साहेब म्हणाले, "नोंदवहीत बारावी ओळ टाका." आणि चालू लागले. धाकटीने तिथेच, उभ्या उभ्या ती ओळ लिहिली. काम, पत्ते देणे. माहितगार व्यक्ती, तिचं नाव. आता ते खरं होतं, हे त्यातलं सगळ्यात वाईट. अकरा ओळींना ते लागू नव्हतं. या ओळीसाठी मात्र तिने पुरती किंमत मोजली होती आणि धडा ती जन्मात विसरणार नव्हती.

मी नऊ वर्षं रेकॉर्ड रूममध्ये काढली. जागा शांत होती. वायरमनचे गुडघे सुधारले नाहीत, तो वर्षभरात निवृत्त झाला, आणि शेवटच्या दिवशी मला भेटायला काठी टेकत तळघर उतरून आला. "तुम्ही असतात तर त्या दिवशी असं झालंच नसतं," म्हणाला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नाही.

धाकटी घरी येत राहिली. आजारपणात, घरच्या समारंभांत. आमच्यात भांडण झालं असं कोणी म्हणणार नाही. ती विचारायची, तब्येत कशी आहे. मी सांगायचे, बरी आहे. तिने माझ्या घरात पुन्हा कधी मूठभर काही उचलून तोंडात टाकलं नाही.

गेल्या महिन्यात ती निवृत्त झाली. संध्याकाळी आली, एका हातात गुच्छ, दुसऱ्या हातात पिशवी. म्हणाली, थंड खोलीत आता एकही यंत्र नाही, सगळे सर्व्हर दुसऱ्याच कुठल्या शहरात असतात, कुठल्या ते तिलाही कोणी सांगितलं नाही. खोलीत औषधांची खोकी ठेवतात. खिडकी उघडी असते.

"तुझी खुर्ची मला शेवटपर्यंत टोचली, ताई," ती म्हणाली.

मी चहा टाकते म्हटलं, तर नको म्हणाली. पर्समधून घडी केलेला कागद काढून टेबलावर ठेवला. "हे तुझं. मी कोणाला दाखवलं नाही."

"मग ठेवलंस कशाला?"

"तू बोललीस तर दाखवायला." पिशवी उचलत म्हणाली, "तू बोलली नाहीस."

ती गेल्यावर मी कागद उलगडला. घड्यांवर विरला होता. माझी स्मरणशक्ती चांगली आहे, सगळे म्हणतात. मला पक्कं आठवत होतं, की त्या संध्याकाळी मी सहज, एकदाच एक गोल काढला होता, हात चुकून फिरावा तसा. कागद दिव्याखाली धरला. गोल एकदा काढलेला नव्हता. पुन्हा पुन्हा गिरवलेला होता, रोज थोडा, पेन इतकं दाबून की एका बाजूला कागद फाटला होता.